हनुवटीचा सदतिसावा फोटो

माझ्या मेहुण्याला, म्हणजे आमच्या हिच्या धाकट्या भावाला, सगळे हनुवटी म्हणतात. त्याची स्वतःची हनुवटी असून नसल्यासारखी आहे. पण तीस वर्षं फोटोचं दुकान चालवताना समोर बसलेल्या प्रत्येकाला त्यानं एकच मंत्र दिला, ‘हनुवटी खाली.’ एरवी माणूस गरीब गाय. चहात माशी निघाली तर चहावाल्याला वाईट वाटेल म्हणून गुपचूप बशीत काढून ठेवणारा. पण एकदा का कॅमेऱ्यामागे उभा राहिला की त्याच्यापुढे कोणाची टाप नाही. खुद्द फौजदाराला मी त्याच्या दुकानात निमूटपणे हनुवटी खाली घेताना पाहिलंय.

तर या हनुवटीनं डिजिटल कॅमेरा घेतला. असा महागडा, की किंमत ऐकून आमच्या हिनं दोनदा पाणी प्यायलं. आणि त्या कॅमेऱ्याची तऱ्हा काय, तर पस्तीस-सदतीस फोटो सलग काढले की थिजायचा. खटकाच दाबला जायचा नाही. तासभर विश्रांती दिली की स्वारी पुन्हा ताजीतवानी! मी म्हटलं, “हा कॅमेरा आहे का जावई?”

दुरुस्ती केंद्रात तीनदा देऊन झाला. तिन्ही वेळा तिथल्या लोकांनी दोन फोटो काढून पाहिले आणि चिठ्ठी चिकटवून परत दिला, ‘दोष आढळला नाही.’ कंपनीला फोन करावा तर टेपवरची बाई म्हणायची, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा. हा तिला म्हणायचा, “करतो, ताई.” आणि खरंच करायचा! त्याची बायको सांगते, एकदा भाजी निवडून, शिजवून, जेवणं झाली तरी हे आपले कानाला फोन लावून बसलेले.

आता घोडं अडलं ते शाळेपाशी. बावीस वर्षं शाळेतल्या सोळा वर्गांचे फोटो तोच काढतो. एका वर्गाचे सहा-सात तरी काढतो, कारण एकाचेही डोळे मिटलेले त्याला खपत नाहीत. यंदा पाच वर्ग झाले आणि पुढच्या वर्गाला कॅमेरा थिजला. पोरं उन्हात ताटकळली. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, “काका, सोमवारी उरलेले अकरा वर्ग एका दमात झाले पाहिजेत. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल.” बावीस वर्षांत बाई असं कधी बोलल्या नव्हत्या. हनुवटी दोन दिवस नीट जेवला नाही. मी म्हटलं, दुसऱ्याचा कॅमेरा आण. तर म्हणाला, “भावजी, दुसऱ्याच्या चष्म्यानं वाचता येतं का?”

गुरुवारी मीच त्याला केंद्रात घेऊन गेलो. काचेचं दार, गारगार हवा, हातात नंबराची चिठ्ठी. काउंटरवरच्या मुलीनं भिंतीवरच्या घड्याळाचे दोन फोटो काढले.

“चालतोय की, काका.”

“हो, चालतोय खरा,” हनुवटी म्हणाला.

मी कोपरानं ढोसलं. “अरे, बोल ना काहीतरी!”

“बोललो की. हो म्हणालो.”

माझं डोकं तापलं. म्हटलं, “मग आता यांचा एक ग्रुप फोटोच काढून घे. चौथी खेप आहे, घरोबाच झाला!”

मी टोमणा मारला होता. पण फोटो म्हटल्यावर या पठ्ठ्याचा हात कॅमेऱ्याकडे गेला, पाठ ताठ झाली आणि आवाजच बदलला. “उंच माणसं मागे. आतल्या इंजिनियरना बोलवा. ताई, तुम्ही मधे बसा. हात गुडघ्यावर. हनुवटी खाली.”

आणि काय सांगू, सगळे आले! शाळेत फोटोला उभं राहायची सवय कोणाची सुटलेली असते? पण ती काउंटरवरची मुलगी दर वेळी नेमके डोळे मिटायची. “पुन्हा,” हनुवटी म्हणायचा. दहा झाले, वीस झाले. तक्रार तो केव्हाच विसरला होता; त्याला फक्त ते डोळे दिसत होते. मी मात्र बोटं मोजायला लागलो होतो.

सदतिसाव्याला कॅमेरा थिजला.

सगळे हनुवट्या खाली करून बसलेले, आणि खटका काही वाजेना. इंजिनियर म्हणाला, “काय झालं, काका?”

“हेच,” हनुवटी म्हणाला.

तो बघायला पुढे सरकला तर हा ओरडला, “जागेवर! रांग मोडते.”

बिचारा जागेवरूनच म्हणाला, “शटर गेलंय बहुतेक. बदलावं लागेल. पंधरा दिवस लागतील.”

“हनुवटी खाली. किती दिवस?”

“शनिवारी देतो, काका.”

मी तोंडात रुमाल कोंबला म्हणून बरं.

शनिवारी कॅमेरा मिळाला. या वेळी चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘दोष आढळला. ग्राहकाने दाखवला.’ पण हनुवटी निघेचना. त्यानं सगळ्यांना पुन्हा रांगेत बसवलं. एकेचाळिसाव्या फोटोला मुलीचे डोळे उघडे सापडले आणि कॅमेऱ्यानं हूं की चूं केलं नाही. सोमवारी अकरा वर्ग उरकून तो माझ्याकडे आला आणि चार पोळ्या जेवला.

तो केंद्रातला फोटो आता त्याच्या दुकानात टांगलाय. मुलगी टकामका बघतेय. इंजिनियरची हनुवटी मात्र चांगली दोन बोटं वर आहे. मी म्हटलं, “काय रे, हा कसा सुटला तुझ्या नजरेतून?”

काच पुसत म्हणाला, “सुटला नाही, भावजी. राहू दिली. कॅमेरा दुरुस्त केलाय त्यानं.”