सासऱ्यांच्या आडनावाची पहिली नोंद

माझ्या इंग्रज सासऱ्यांचं आडनाव फोनबुकात शोधलं तर जेमतेम चार घरं सापडायची. हजारेक वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या नॉर्मंडीहून इंग्लंड जिंकायला राजाबरोबर आलेल्या एका सरदाराचं ते नाव, असं ते सांगत. लग्नानंतर मी माझं पुण्यातलं माहेरचंच आडनाव ठेवलं. त्यावर ते कधी बोलले नाहीत, पण ख्रिसमस कार्डाच्या पाकिटावर माझ्या नावापुढे दरवर्षी त्यांचंच आडनाव असायचं.

२००५ मध्ये मला पाचवा महिना होता. बाळाचं आडनाव कोणतं, यावरून नवरा आणि ते फोनवर दोनदा तोडून बोलले होते. त्यातच त्यांची दृष्टी अधू झाली, वाचन बंद झालं. सरदारापर्यंत धागा जुळवायचा म्हणून त्यांनी मलाच विचारलं, कौंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात नेशील का?

मायक्रोफिल्मच्या मशीनसमोर आम्ही शेजारी बसलो. चर्चच्या नोंदवहीत मी मागे मागे जात मोठ्याने वाचत होते. आजोबा, पणजोबा, त्यांचे वडील. ते प्रत्येक नावाला मान हलवत होते. मग एक बाप्तिस्म्याची नोंद आली. आईबापांची नावं नव्हती. शेताच्या फाटकापाशी सापडलेला मुलगा, एवढंच. आणि आडनाव म्हणून त्या शेताचं नाव, तेच पुढे सासऱ्यांपर्यंत आलेलं.

ही नोंद वाचायच्या आधी मी थांबले. पान फाटलंय म्हटलं असतं तरी त्यांना कळलं नसतं.

"का थांबलीस?"

"अक्षर लागत नाहीये."

"लागतंय तुला. वाच."

एकही शब्द न गाळता मी वाचलं. टेबलाची कड त्यांनी घट्ट धरली होती. मग त्यांनी नोंदीचा महिना विचारला. जानेवारी, मी म्हटलं.

"म्हणजे थंडीत ठेवलं होतं त्याला."

परतताना मोटरवेवर रीडिंग शहर आलं. न राहवून मीच सांगितलं, की माझंही आडनाव म्हणजे एका गावाचं नाव आणि पुढे 'कर'; ते गाव आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नाही. त्यांनी ते आडनाव मला सावकाश म्हणायला लावलं. मग स्वतः तीनदा म्हणून पाहिलं, तिन्ही वेळा चुकले.

"बाळाचं तुम्ही दोघं ठरवा," ते म्हणाले.

मुलीला आम्ही दोन्ही आडनावं लावली. त्याच सरदाराचा अभिमान मिरवणाऱ्या आपल्या चुलतभावाला सासऱ्यांनी स्वतः फोन करून ती नोंद सांगितली. त्याने त्यांच्याशी बोलणंच टाकलं.