आधी रंग सांग

नागपुरातल्या एका शाळेत मी मुलींना बेसबॉल शिकवते. दोन वर्षांपूर्वी आमच्या संघात उमरेडची एक मुलगी आली. इथे मामाकडे राहून शिकायची. हातात जोर भरपूर, पण बॅट चेंडूला लागेल तर शपथ. चेंडू यायच्या आधीच तिची नजर पार कुंपणापर्यंत पोचलेली असायची.

"चेंडूकडे बघ," असं ओरडून मी थकले. एकदा ती रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, पाहूनच तर राहिली मी! अजून कसं पाहू?"

त्या संध्याकाळी घरी बसून मी जुन्या चेंडूंवर नेलपॉलिशचे मोठे ठिपके काढले, काहींवर लाल, काहींवर निळे. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं, "आज बॅट फिरवायची नाही. फक्त रंग सांगायचा."

आधी ती नुसतीच अंदाजानं ओरडायची. हळूहळू तिचे आवळलेले खांदे सैल झाले, मान स्थिर राहायला लागली. मग मी बॅट फिरवू दिली. "निळा!" म्हणायची आणि पाठोपाठ टणकन आवाज. पहिल्यांदा त्या आवाजानं ती स्वतःच दचकली.

हिवाळ्यात शेजारच्या शाळेशी सामना झाला. तिचे वडील मुद्दाम एसटीनं आले होते. शेवटचा डाव, दोन्हीकडे सारख्या धावा, तिन्ही बेसवर आमच्या मुली आणि बॅटिंगला ही.

पहिला चेंडू बाहेर गेला. ती हलली नाही. दुसरा खाली पडला. वडील ओरडले, "मार वं! काहून उभी राहिली?" तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तिसरा डोक्यावरून गेला. चौथा पुन्हा बाहेरून आला. तोही तिनं शांतपणे सोडला.

चार चेंडू वाईट पडले की बॅटरला पहिला बेस आपसूक मिळतो. त्यामुळे सगळ्या एकेक बेस पुढे सरकल्या, तिसऱ्या बेसवरची मुलगी होम बेसवर पोचली, एक धाव मिळाली आणि आम्ही जिंकलो.

वडील गोंधळून माझ्याकडे आले. "मॅडम, हिनं तर मारलंच नाही. मग जिंकले कसे?"

मी सांगणार तेवढ्यात तीच धापा टाकत आली. "बाबा, मारण्यासारखा एकही नव्हता नं!"

त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. मग म्हणाले, "बरं केलं मग," आणि सगळ्यांसाठी गरम आलूबोंडे आणायला निघाले.