राखेची ओळ

इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि काखेत गोणपाटाचं पोतं. अशा थाटात इंजिनिअर रोज सकाळी सात वाजता बेकरीच्या मागच्या दाराशी उभा राहायचा. बेकरीवाला लाकडाच्या भट्टीतली राख फावड्यानं ओढून त्याच्या पोत्यात भरायचा आणि रोज एकच प्रश्न विचारायचा.

"साहेब, एवढ्या राखेचं करता काय?"

"बागेला घालतो."

"तिसऱ्या मजल्यावर राहता ना तुम्ही?"

"कुंड्या आहेत."

"कुंड्यांत काय हत्ती लावलेत का?"

इंजिनिअर हसायचा नाही. पोत्याचं तोंड सुतळीनं आवळायचा, सायकलच्या मागे बांधायचा आणि गॅसच्या कारखान्याकडे निघायचा. कारखान्यात कुणी विचारलं तर तिथलं उत्तर वेगळं होतं: फरशीवर तेल सांडतं, त्यावर टाकायला. कारखान्यातले कामगार काही दुधखुळे नव्हते. तेल सांडतं वाटीभर आणि राख येते पोतंभर, एवढा हिशेब त्यांना जमत होता. पण साहेबाच्या भानगडीत कोण पडणार? त्यांनी त्याचं नाव राखुंडीसाहेब ठेवलं आणि विषय संपवला.

त्या राखेत त्याचा सगळा जीव होता.

बाजारात कुणी फुकट घेणार नाही असला ओला, भुसभुशीत कोळशाचा चुरा त्याच्या भट्टीत जायचा. आधी हवा मारून चुरा लाल करायचा, मग हवा बंद करून त्याच्यावर वाफ सोडायची. वाफ आणि निखारा एकत्र आले की जळणारा गॅस तयार होतो. हे पूर्वीपासून सगळ्यांना ठाऊक होतं. याच्या पद्धतीत तोच गॅस दीडपट निघायचा, तोही कमी आचेवर. झडपांची रचना, वाफ वरून सोडायची की खालून, किती मिनिटांनी उलटवायची, हे सगळं त्यानं चार वर्षं खपून बसवलं होतं. त्यातला निम्मा फायदा त्या झडपांचा. उरलेला निम्मा चुऱ्यात शंभराला पाच या मापानं, कुणी नसताना त्यानं स्वतः मिसळलेल्या लाकडाच्या राखेचा. राखेतला खार कोळशाला वाफेशी लवकर भिडवतो. हे त्याला एकदा चुकून कळलं, राखेची बादली चुऱ्याच्या ढिगावर लवंडली तेव्हा. त्या दिवशी गॅस भरेल तशी वर उचलली जाणारी कारखान्याची टाकी दुपारीच टोकापर्यंत चढली आणि तो टाकीसमोर खुळ्यासारखा उभा राहिला.

पेटंटचा अर्ज त्याच्या बायकोनं टाइप केला. लग्नाआधी ती एका कचेरीत टायपिस्ट होती आणि घरात टाइपरायटर होता, म्हणून बाहेर जायची गरज पडली नाही. जेवणाच्या टेबलावर रविवारी दुपारी बसून तिनं त्याच्या वहीवरून अकरा पानं उतरवली. सातव्या पानावर राखेची ओळ होती. त्यानं पान हातात घेतलं, वाचलं आणि लाल पेनानं ती ओळ खोडली.

"अहो, हे काय? वहीत तुम्हीच लिहिलंय की."

"वहीत असू दे. अर्जात नको."

"मग गॅस निघेल का, लिहिलंय तेवढ्यानं?"

"निघेल. थोडा कमी."

"पण वर तुम्ही दीडपट म्हटलंय."

"तू टाइप कर ना."

तिनं सातवं पान पुन्हा टाइप केलं. तिला कारण माहीत होतं. त्याचं पहिलं पेटंट लालभडक तापलेल्या लोखंडी भंगारावरून वाफ नेऊन हायड्रोजन काढण्याचं होतं. त्यात त्यानं शाळेतल्या शहाण्या पोरासारखं सगळं लिहून टाकलं होतं, अगदी भंगाराचे तुकडे केवढे असावेत इथपर्यंत. दोन वर्षांत कुणीतरी ते वाचून एक नळी इकडची तिकडे केली आणि नवी पद्धत म्हणून स्वतःच्या नावावर नोंदवली. तेव्हापासून तो म्हणायचा, "घराला कुलूप लावायचं आणि किल्ली कुठं ठेवलीय ते दारावर लिहायचं, याला पेटंट म्हणतात." या वेळी त्यानं किल्ली खिशात ठेवली.

पेटंट मिळालं. कारखान्याच्या फाटकावर पितळी पाटी लागली. तिच्यावर पद्धतीला त्याचं नाव होतं. त्या पाटीपुढं रोज सकाळी सायकल थोडी हळू व्हायची, हे पहारेकऱ्यानं पाहिलं होतं.

आठ वर्षं सुरळीत गेली. मग मोठे मालक वारले आणि छोटे साहेब खुर्चीत आले. बाहेरून शिकून आलेले, बोलायला गोड, इंजिनिअरला 'काका' म्हणायचे. त्यांना आणखी तीन भट्ट्या उभ्या करायच्या होत्या आणि त्यासाठी सगळी माहिती कागदावर हवी होती.

"पेटंटात आहे सगळं," इंजिनिअर म्हणाला.

"पेटंटाप्रमाणे पहिल्या नव्या भट्टीवर करून पाहिलं, काका. तेवढा गॅस येत नाही."

"हात बसावा लागतो."

"कुणाचा?"

"माझा."

छोटे साहेब हसले. महिन्याभरात त्यांनी काकांना हार घालून, सगळ्यांसमोर दोन शब्द बोलून घरी बसवलं. इंजिनिअर मनात म्हणाला, बघू किती दिवस चालते भट्टी. बायकोलाही तेच म्हणाला, "येतील पाय धरत."

भट्टी खरोखरच मंदावली. चार महिने टाकी पाऊण उंचीवरच अडायची. तो गच्चीवर जाऊन दुरून टाकी किती चढली ते बघायचा आणि खाली येऊन दोन घास जास्त जेवायचा. मग एका सकाळी टाकी भरलेली दिसली. दुसऱ्या दिवशीही तशीच.

चुऱ्याच्या कामावरचा जुना फोरमन वाटेत भेटला तेव्हा उलगडा झाला. तो नजर चुकवत म्हणाला, "साहेब, मी कुठं काय सांगितलं? छोट्या साहेबांनी विचारलं, राखुंडीसाहेब असताना काय वेगळं होतं. मी म्हटलं, पोतं होतं."

एवढं पुरलं. छोट्या साहेबांनी लाकडाच्या वखारीतून ट्रकानं राख आणवली, मापं घेतली आणि राख मिसळून गॅस काढण्याच्या पद्धतीचं पेटंट स्वतःच्या नावानं मागितलं. शोधक म्हणून स्वतःची सही केली. फाटकावरची पाटी रंगकामासाठी उतरवली ती परत चढली नाही.

इंजिनिअरनं हरकत घेतली. वकील घरचाच होता, बायकोचा भाऊ. त्यानं फाइल दोनदा वाचली आणि स्वयंपाकघरात येऊन बसला.

"दाजी, राख तुमची, हे मला माहीत आहे, ताईला माहीत आहे. सुनावणीत कोण मानणार? वहीला ना तारीख, ना सही. बेकरीवाल्याला आणू? तो सांगेल कुंड्यांना घालायचे."

बायको उठली. तिनं चमच्यांचा ड्रॉवर ओढला, चमचे टेबलावर उपडे केले आणि तळाशी अंथरलेला कागद काढला. कडा पिवळ्या पडलेल्या, मध्ये हळदीचा डाग, चमच्यांचे गोल वळ उमटलेले. सातव्या पानाची कार्बन कॉपी. राखेची ओळ तिच्यात पुरती वाचता येत होती आणि ओळीवर लाल पेनाची रेघ. त्यानं वरचं पान खोडलं तेव्हा कार्बन कॉपी मागे चिकटलेली होती, मग सवयीनं तिच्यावरही रेघ मारून बाजूला तारीख आणि सही केली होती.

"टाकून दिलं नाहीस?" तो म्हणाला.

"चांगला कागद होता. ड्रॉवरच्या मापाचा."

मेहुण्यानं कागद उजेडाला धरला. आधी त्याचा चेहरा उजळला, मग पडला.

"नीट ऐका, दाजी. हा कागद दाखवला तर राख छोट्या साहेबाची नाही हे सिद्ध होतं. त्याचा अर्ज गेला. पण तुम्हाला राख माहीत होती आणि तुम्ही ती मुद्दाम लपवलीत, हेही याच कागदानं सिद्ध होतं. पेटंट म्हणजे सरकारशी केलेला सौदा. तुम्ही सगळं सांगायचं, मग सरकार तुमची राखण करणार. तुम्ही सांगितलंच नाही. तुमचंही पेटंट रद्द."

"मग राखेचा अर्ज आता मी करतो."

"इतकी वर्षं धंद्यात वापरून? मुदत कधीच गेली. त्यापेक्षा कागद ड्रॉवरमध्ये ठेवा. राख त्याला घेऊ दे. झडपांचं जुनं पेटंट कागदोपत्री तुमच्या नावावर राहील. नाव तरी राहील."

"अर्ध्या पद्धतीला माझं नाव?"

"नाव तर नाव."

इंजिनिअर बायकोकडे वळला. "तू सांग."

ती चमचे परत लावत होती. खाली कागद नसल्यामुळे ते नागड्या लाकडावर खडखडत होते. "मी त्या दिवशी सांगितलं होतं," ती म्हणाली. "आता माझा काय संबंध?"

सुनावणीची खोली लहान होती. एक लांब टेबल, पाण्याचा जग आणि पंखा फिरला की उडणारे कागद. पेटंटचा अधिकारी म्हणजे सर्दी झालेला, हळू बोलणारा गृहस्थ. छोटे साहेब समोर बसले होते. आल्याआल्या त्यांनी वाकून "काका, तब्येत काय म्हणते?" विचारलं. त्यांच्या वकिलानं तासभर सांगितलं की राखेची कल्पना साहेबांना कशी सुचली. परदेशात, एका पुस्तकावरून, प्रयोगशाळेत रात्रंदिवस एक करून. साहेब मान खाली घालून ऐकत होते, लग्नात नवरामुलगा आपलं कौतुक ऐकतो तसे.

इंजिनिअर ते 'प्रयोगशाळेत'पर्यंत ऐकू शकला. मेहुण्यानं बाही धरली होती ती सोडवून तो उठला आणि हळदीचा डाग पडलेला कागद त्यानं टेबलावर ठेवला.

अधिकाऱ्यानं चष्मा बदलला. बराच वेळ वाचत राहिला.

"ही ओळ कुणाची?"

"माझी."

"आणि ही काट?"

"तीही माझीच. सही आहे."

"का काटलीत?"

"आधीच्या वेळी सगळं लिहिलं होतं."

"बरं मग?"

"लोकांनी वाचलं."

अधिकारी रुमालात शिंकला. "अहो, वाचावं म्हणूनच लिहून घेतो आम्ही," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. चुकीच्या खिडकीशी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला सांगावं तसं त्यानं सांगितलं.

निकाल सहा आठवड्यांनी आला. छोट्या साहेबांचा अर्ज नामंजूर, कारण शोध त्यांचा नव्हता. इंजिनिअरचं पेटंट रद्द, कारण मुख्य गोष्ट दडवली होती. पद्धत कुणाच्याच मालकीची राहिली नाही. ज्याला भट्टी आहे त्यानं खुशाल वापरावी. भट्ट्या फक्त छोट्या साहेबांकडे होत्या, एव्हाना चार. त्यांनी पाचवीचा पाया खणला. मेहुण्याला ते कोर्टाच्या जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "काकांना सांगा, त्यांनी माझं कामच सोपं केलं. पेटंटचा खर्च वाचला."

मेहुण्यानं हे सांगायला नको होतं. पण सांगितलं.

इंजिनिअर दोन दिवस गच्चीवर गेला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं काय मनात आणलं कोण जाणे, माळ्यावरचं पोतं काढलं, झटकलं आणि बेकरीच्या मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला. कित्येक महिन्यांनी. बेकरीवाला हात पुसत बाहेर आला.

"या साहेब. पण राख संपली आता."

"म्हणजे?"

"लाकूड बंद केलं. बघा ना."

आत लाकडाच्या भट्टीच्या जागी लोखंडी ओव्हन होता. मागून नळ आत आला होता, नवा, तांबड्या रंगाचा. "कारखान्याचा गॅस. गेल्या आठवड्यात जोडला. एकदम स्वच्छ काम, धूर नाही, काही नाही. बायको म्हणते, इतकी वर्षं उगाच डोळे फोडले."

इंजिनिअर वाकला. ज्योतीला पिवळी टोकं येत होती. बर्नरखालची हवेची चकती त्यानं दोन बोटांनी थोडी फिरवली. पिवळं गेलं, ज्योत निळी होऊन ताठ उभी राहिली.

"अरेच्चा," बेकरीवाला म्हणाला. "तुम्हाला यातलंही कळतं?"

"थोडंफार."

"पण तुमच्या कुंड्यांचं काय आता?"

"वाळल्या," इंजिनिअर म्हणाला.

त्यानं पोत्याची घडी घातली आणि घरी आला. बायकोनं ते त्याच्या हातातून घेतलं, साबणानं खसखसून धुतलं आणि सुकल्यावर दाराबाहेर टाकलं, पाय पुसायला. मेहुणा येतो तेव्हा त्याच्यावर बूट घासतो. इंजिनिअर ते पोतं ओलांडून जातो.