गळ्यावरचा राजा

चंद्राने अठ्ठावीस वर्षं राजे रंगवले, पण गळ्यापर्यंतच.

धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या लूमच्या दोन कारखान्यांच्या मधे तिच्या नवऱ्याची, पंढरी पेंटरची खोली होती. भिंतीवर कुठल्याशा संस्थानच्या महाराजांचं जुनं छापील चित्र चिकटवलेलं. मखमली खुर्ची, जरीचा अंगरखा, मोत्यांचे पदर, तलवारीच्या मुठीवर टेकलेला हात. वडपे गावाकडे गोदामं उभी राहिली, बंगले झाले, तसे लोक मेलेल्या वडिलांचा फोटो घेऊन यायला लागले. जन्मभर नुसत्या बंडीवर राहिलेला बाप त्यांना हॉलमध्ये राजा म्हणून हवा असायचा.

पावसाळ्यात ऑर्डरी थंड असत, तेव्हा चंद्रा पाच-सहा राजे तयार करून ठेवायची. बिनतोंडाचे, भिंतीला टेकून ओळीने. मोती तिचे, जर तिची, बोटांतल्या अंगठ्या तिच्या. चेहरा पंढरीचा, खाली सहीही त्याचीच. डोळे तो सगळ्यात शेवटी काढायचा. डाव्या हातात दाढीचा आरसा धरून, स्वतःच्याच डोळ्यांत बघत. "फोटोतले डोळे मेलेले असतात," म्हणायचा. "जिवंत डोळा समोर लागतो."

त्याने बायकोवर कधी हात उचलला नाही. तशी वेळच आली नाही. कालवणात मीठ कमी पडलं की तो नुसता बघायचा, आणि ती उठायची.

तो गेला तेव्हा खोलीत पाच राजे बिनतोंडाचे उभे होते. दिवसकार्य उरकल्यावर मुलगा सागर म्हणाला, "आई, खोली सोडून देऊ. बाजूचे लूमवाले मागतायत. चेहरा कोण काढणार आता?"

"मी काढते."

"तू?"

"एक काढून बघते. नाही जमला तर दे खोली."

तो एक म्हणजे वडप्याच्या पुतळाबाईंचा नवरा, बाळाराम. वर्षश्राद्धाला चित्र हवं होतं. चंद्राने फोटोवरून नाक काढलं, मिशा काढल्या, कानावरचे केससुद्धा. मग पंढरीचा आरसा पुसून डाव्या हातात धरला आणि डोळे काढले.

पुतळाबाई बघायला आल्या. पदराने घाम पुसत चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"बाय, ह्ये आमचं म्हातारं न्हाय."

"नाक तर तेच आहे."

"नाक हाय. पन बघतंय कोन? ह्ये तुजं घरवालं हाय. मी इथं फोटो घेऊन आलेली तवा असंच बघत व्हतं माज्या चपलांकडं." त्यांनी मान हलवली. "मला ह्याच्याखाली बसून जेवायचं हाय रोज. घास न्हाय जायचा."

चंद्राने टर्पेंटाइनच्या फडक्याने डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढले. रंग बदलला, बुबुळं थोडी खाली घेतली. पुन्हा पंढरीच बघत होता. शेजारचे लूम धडधडत होते आणि त्या तालावर मागचे चार बिनतोंडाचे राजे बारीक हलत होते. तिला वाटलं, हात त्याच्या वळणावर गेलाय. अठ्ठावीस वर्षं त्याचंच काम बघितलं, दुसरं होणार काय?

सून मेघाली चहा घेऊन आली. कप ठेवून निघाली होती, तेवढ्यात चंद्राने विचारलं, "हे डोळे कुणाचे वाटतात गं तुला? बाबांचे?"

मेघालीने चित्राकडे बघितलं, मग दाराकडे.

"सांग की."

"तुमचे."

"माझे?"

"चहात साखर कमी पडली की असंच बघता तुम्ही." मग घाईने म्हणाली, "आज बरोबर आहे. चाखून आणलाय."

चंद्राने आरसा उचलला. त्यात तिच्या भुवया होत्या, तिचं पुसट झालेलं गोंदण होतं. त्यांच्या मधून पंढरी बघत होता, कालवण अळणी झाल्यासारखा. तिने आरसा पालथा ठेवला.

"बस इथं, खिडकीपाशी. माझ्याकडे बघ."

मेघाली बसली. तिने वर बघितलं, लगेच नजर खाली गेली, पुन्हा अर्धी वर आली. पापण्या जड, बुबुळं कोपऱ्यात, कुठून काय येईल याच्या तयारीत. चार वर्षं ही मुलगी घरात होती. चंद्राने तिचे डोळे पहिल्यांदाच बघितले. मोती भरावेत तसे सावकाश तिने ते काढले. पापणीची प्रत्येक रेघ.

पुतळाबाई आल्या आणि दारातच हसल्या. "ह्येच. ह्येच आमचं म्हातारं. मी आवाज काढला का असंच बघायचं, चोरट्यावानी." मग पदर तोंडाला लावला. "लय कडक व्हते मी, बाय. राजा झालं, तरी भ्यायलंयच की बिचारं."

टेंपोत चित्र चढलं. चढवण्याआधी सागरने सही कुणाची करायची विचारलं, तर चंद्रा नको म्हणाली. सागरने लूमवाल्यांना खोली मिळणार नाही म्हणून सांगितलं.

दुपारी चंद्रा घरी आली. मेघालीने ताट वाढलं. पहिला घास घेतला, आमटी अळणी होती. चंद्राने ताटावरून मान वर केली नाही. वालाचे दाणे भातात कालवत राहिली, दुसरा घास घेतला, तिसरा.

"मीठ आणते," मेघाली म्हणाली. ती आधीच उठली होती.