आषाढात बंद खिडक्या

"इतक्या उकाड्यात खिडक्या का बंद?" सर्टिफिकेट द्यायला दिल्लीहून आलेल्या मॅडमनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आमचे हेड मेकॅनिक जब्बारभाई ऐटीत म्हणाले, "ओझोन के वास्ते, मैडम. गैस बाहर नइं जाने देते हम."

मी घाईघाईने मॅडमसमोर फाइल सरकवली.

हैदराबादच्या कुकटपल्लीतला आमचा वॉटर कूलरचा कारखाना. उदारीकरणाचे दिवस, परदेशातली पहिलीच ऑर्डर. पण ओझोन खाणारा गॅस आम्ही हवेत सोडत नाही, असं सर्टिफिकेट हवं होतं. मालक रावगारूंनी मला बजावलं होतं, "हे हुकलं, तर तुम्ही परत कोठीच्या बाजारात फ्रीज दुरुस्त करायला."

म्हणून मी मेकॅनिकांचा क्लास घेतला होता. जमिनीपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, विमानं उडतात त्याच्याही वर, ओझोनचा थर असतो. सूर्याचे घातक किरण तो अडवतो. कूलरमधला जुना गॅस रमतगमत तिथे पोचतो, त्या किरणांनी फुटतो आणि त्यातलं क्लोरीन ओझोनचा फडशा पाडतं.

"गैस तो हवा से भारी है. ऊपर कैकू जाता?" जब्बारभाईंनी तेव्हाच हरकत घेतली.

"वारा नेतो," मी म्हणालो.

त्यांनी वाऱ्याचा बंदोबस्त केला. दुरुस्तीच्या कूलरमधला जुना गॅस खिडक्या लावून आतच सोडायला लागले. मी समजत होतो, नवं मशीन सुरू होईपर्यंत जुना गॅस काढायचं काम थांबलंय.

"और शाम को?" मॅडमनी विचारलं.

"खिड़कियाँ खोल के घर जाते."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "रिकव्हरी मशीन कुठे आहे?" जुना गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरणारं ते यंत्र कोपऱ्यात खोक्यातच होतं.

"आषाढम् आहे, मॅडम," रावगारू पुटपुटले. "या महिन्यात आम्ही नवं काही सुरू करत नाही. श्रावणात पूजा करून..."

"आत्ता चालवून दाखवा. नाहीतर फेल लिहिते."

रावगारूंना ऑर्डर सोडवेना आणि आषाढ मोडवेना. माझ्या डोळ्यांपुढे कोठी नाचायला लागली. तेवढ्यात एक खोडसाळ विचार सुचला.

"जब्बारभाई, तुमच्यात आषाढम् असतो?"

"हमारे में कैकू होता, साब?"

पाच मिनिटांत खोकं फुटलं. मशीन घरघरलं, गॅस सिलिंडरमध्ये गेला. रावगारू मशीनकडे पाठ करून कॅलेंडर वाचत उभे राहिले. मॅडमनी "पुन्हा तपासायला येईन" असा दम भरून सही केली.

ओझोनचा थर कुठे असतो, हे मी सगळ्यांना शिकवलं होतं. मुहूर्त कुणाला लागत नाही, एवढं मात्र महिनाभर कुणालाच विचारलं नव्हतं.