सुनेला सांगू नको

माणिकपूरच्या रिक्षा स्टँडकडे जाताना वाटेत एक अंगण लागतं. तिथे एक म्हातारी रोज केळी सोलत बसलेली असते. लाल लुगडं, कमरेत पार वाकलेली. सोललेली केळी उन्हात वाळवून ती सुकेळी करते. सुरी हातात घेण्याआधी छातीवर क्रुसाची खूण करते आणि पिकलेल्या घडाकडे असं बघते, जणू तो पळूनच जाणार आहे. शेजारी सून बसते, सासूचे हात बघत.

नाव मी कधी विचारलं नाही. मी आजी म्हणते, ती मला बाय म्हणते.

परवा सून आत गेली होती. मी सहज म्हटलं, "आजी, मोबाइलवर वाचलं, अशी औषधं येणार आहेत म्हणे, माणूस दीडशे वर्षं जगेल."

मला वाटलं, हसेल. तिची सुरी थांबली. तिने दाराकडे बघितलं आणि माझं मनगट धरलं. तिची बोटं केळ्यांनी चिकट झाली होती.

"सुनेला सांगू नको, बाय," ती पुटपुटली. "मी जानार म्हनून तरी ती शिकायला बसते."

रिक्षात बसले तरी मनगट चिकटच होतं. चिपळूणला माझी आई एकटी राहते. पंच्याऐंशीची आहे, पण ठणठणीत. डॉक्टर म्हणतात, शंभरी गाठणार. मी सगळ्यांना ते कौतुकाने सांगते.

आणि म्हणूनच दोन वर्षं मी तिच्याकडे गेलेले नाही.