अडकलेली पुंगळी

आबा गेल्यावर त्यांचं पिस्तूल जमा करायला मी पोलीस ठाण्यात गेले, तेव्हा हवालदारांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "ताई, यात काही बिघाड?" प्रश्न साधाच होता.

वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. त्यांची सगळी नोकरी वरणगावच्या कारखान्यात, काडतुसांच्या तपासणीवर झाली. निवृत्तीनंतर आम्ही मेहरूणला राहायला आलो. आई गेल्यावर आबांचं बाहेर पडणं जवळजवळ थांबलं. परवान्याचं पिस्तूल घेऊन रविवारी नेमबाजीच्या मैदानावर जाणं तेवढं उरलं होतं.

गेल्या वर्षी त्या पिस्तुलात पुंगळी अडकू लागली. गोळी सुटली की वरची स्लाइड मागे जाते, काडतुसाची रिकामी पुंगळी बाजूला उडते आणि नवं काडतूस आत चढतं. आबांनी झाडलेल्या गोळीची पुंगळी उडेना. स्लाइडच्या खाचेत उभीच्या उभी अडकून राहायची आणि आबा ती बोटाने काढत बसायचे.

एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, ही त्यांची कारखान्यातली रीत. आधी साफसफाई आणि तेल. मग दुसऱ्या खोक्यातली काडतुसं. मग दुसरं मॅगझिन. पुंगळी ओढून काढणारा बारका आकडा त्यांनी भिंगाखाली धरून पाहिला. स्प्रिंग बदलायला आम्ही धुळ्याच्या परवानाधारक दुकानात गेलो. येताना गाडी मी चालवत होते. त्या दिवसांत सकाळी शर्टाची बटणंही मीच लावून देत असे. ती त्यांच्याच्याने लागत नसत.

स्प्रिंग बदलूनही पुंगळी अडकलीच. मैदानावरच्या प्रशिक्षकांनी पिस्तूल मागून घेतलं आणि त्याच खोक्यातली काडतुसं झाडली. एकूण एक पुंगळी उडाली. आबा खाली पडलेल्या पुंगळ्यांकडे बघत राहिले.

"आबा, मनगट ढिलं पडतंय," प्रशिक्षक हळू आवाजात म्हणाले. "हातच मागे जातो, मग स्लाइड पुरती मागे जात नाही."

"बठ्ठं देखी लिधं मी," आबा म्हणाले, म्हणजे सगळं पाहून झालं. त्यांची मूळ बोली धुळ्याकडची. मन थाऱ्यावर नसलं की तीच तोंडी यायची.

घरी आल्यावर चहा घेताना त्यांनी मला सांगितलं, की कारखान्यात चाचणीचं पिस्तूल लोखंडी शिकंज्यात आवळलेलं असायचं. काडतूस तपासायचं, पिस्तूल तपासायचं. हात तिथे नसायचाच, म्हणून तो तपासायचं त्यांच्या मनातही आलं नाही. हे सांगताना कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

पुढे डॉक्टरांना दाखवून झालं, तपासण्या झाल्या. नसांचा आजार होता आणि तो वाढणारच होता. आबांनी ते माझ्यापेक्षा शांतपणे ऐकून घेतलं. एकदा मैदानावर जायचंय, एवढंच म्हणाले. पिस्तूल चांगलं आहे हे त्यांना स्वतःच्या हाताने पाहायचं होतं.

प्रशिक्षक शेजारी उभे राहिले. त्यांनी दाखवलं तसं मी आबांच्या मागे उभी राहून त्यांचं मनगट खालून घट्ट धरलं. हाताला वजनच उरलं नव्हतं. गोळी सुटली. पुंगळी उडून माझ्या कोपराला लागली, चांगलीच चटका देऊन गेली.

आबांनी नजर निशाणावरून हलवली नाही. "पडनी का?"

"पडनी, आबा."

मग त्यांनी प्रशिक्षकांना पिस्तूल रिकामं करायला सांगितलं. त्यानंतर ते त्यांनी कधी हातात घेतलं नाही.

हवालदार अजून माझ्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हटलं. "पिस्तुलात काही बिघाड नाही."

त्यांनी ते फडक्यात गुंडाळलं. मी थोडा वेळ तिथल्याच बाकावर बसले, आणि मग घरी आले.